बिंदगप्पाची कानटोपी

महेश्वरीबाईंचा आवाज इतका हळू की त्या कुकरला "पुरे रे बाबा" म्हणायच्या आणि तो आणखी दोन शिट्ट्या देऊन मगच गप्प बसायचा. पण नेमाला बाई पक्क्या. पहाटे इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. सोमवारी एकदाच जेवण. नैवेद्य दाखवल्याशिवाय कुठल्याही पदार्थाची चव घ्यायची नाही, मिठाचा अंदाजसुद्धा डोळ्यांनी आणि नाकानं. आणि अमावास्येला उठल्यापासून नैवेद्य होईपर्यंत मौन. हे मौन त्यांनी कधी धरलं ते घरात कुणालाच नक्की सांगता यायचं नाही, कारण बाईंचं बोलणं आणि बाईंचं मौन यांतला फरक कळायला कान तयार असावा लागे.

अशा बाईंच्या वाट्याला दोन नातवंडं आली होती. नऊ वर्षांची वैजयंती आणि सहा वर्षांचा प्रभु. राहायला पुण्यात. खायला म्हणाल तर, तोच प्रश्न होता.

बाईंच्या सोलापूरकडे येळवस म्हणजे वेळा अमावास्या हा मोठा सण. त्या दिवशी शेत असलेला माणूस घरात सापडत नाही, आणि ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात ओढून नेतं. सगळा स्वयंपाक आदल्या दिवशीच करून ठेवायचा. हिरवे दाणे आणि पालेभाज्या डाळीच्या पिठात शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबवलेली अंबील. सकाळी हे सगळं रानात न्यायचं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे लहानशा खोपटात, दगडाचे पांडव मांडून पुजायचे, नैवेद्य दाखवायचा, अंबील शेताच्या कडेकडेनं शिंपायची आणि मग पंगत.

मागच्या येळवसला प्रभुनं पानातल्या भज्जीकडे वाकून पाहिलं होतं आणि स्वच्छ आवाजात विचारलं होतं, "आजी, हे आधी कुणी चावलंय का?"

सगळे पोट धरून हसले. महेश्वरीबाईही हसल्या. पण त्या संध्याकाळी जप करताना माळेतला एकच मणी बराच वेळ त्यांच्या बोटाखाली अडकून बसला. मुलांनी त्या दिवशी वेफर्स खाल्ले होते. प्रभुनं तर वेफर्सला सॉस लावून खाल्ले, आणि सॉस संपल्यावर सॉसची पुडी खाल्ली.

यंदा येळवस नाताळच्या सुट्टीतच आली. आठवडाभर आधी अमृतचा फोन आला. मुलगा गुणी, आईचं मन दुखवायचं म्हटलं की आधी तब्येतीची चौकशी करणारा. त्यानं तब्येतीची चौकशी केली आणि महेश्वरीबाई सावध झाल्या.

"आई, पुढच्या वर्षीचं एका रिसॉर्टचं बुकिंग मिळतंय. बरोबर येळवसच्याच सुट्टीत. स्विमिंग पूल, मुलांना हवं ते खायला. अमावास्येच्या रात्रीपर्यंत कळवायचंय त्यांना."

"मग येळवस?"

"तसं नाही गं. यंदा येतोयच की. पण मुलं तिकडे दिवसभर उपाशी राहतात, रेश्माला बघवत नाही. यंदा नीट जेवली तर प्रश्नच मिटला. नाहीतर मग... बघू."

अमृतचं 'बघू' आईला लहानपणापासून माहीत होतं. अभ्यास कधी करणार, बघू. लग्न कधी करणार, बघू. त्या 'बघू'तून आजवर काही बाहेर पडलेलं दिसलं नव्हतं.

फोन ठेवून त्या देवापुढे जाऊन बसल्या. आपल्या माघारी येळवस राहणार की नाही हे दोन पोरांच्या जिभांवर टांगलेलं आहे, आणि त्या जिभांना सॉसची पुडी आवडते. देवाला काय मागावं तेही त्यांना सुचेना.

त्यांचे यजमान गुरुशांतअप्पा, त्यांना मात्र लगेच सुचलं. अप्पा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांच्या हातात एकही फाईल नव्हती आणि त्यामुळे ते घरात कुठल्याही गोष्टीची फाईल करायला टपलेले असत.

"आधी माहिती गोळा करायची. मुलं काय खात नाहीत? त्यावरून काय खातात ते निघेल."

व्हिडिओ कॉलवर त्यांनी नातवंडांची जबानी घेतली. त्यातून निघालं ते असं : वैजूला एका पदार्थाला दुसरा पदार्थ शिवलेला चालत नाही. वरण भाताला शिवलं की भातही गेला आणि वरणही गेलं. आणि प्रभु डॉट असलेलं काही खात नाही.

"डॉट म्हणजे काय रे बाळा?"

"डॉट, आजोबा! काळे, पांढरे, ब्राऊन. छोटे छोटे."

म्हणजे मोहरी, जिरे, तीळ, ओवा, खसखस. अप्पांनी चष्मा काढून पुसला. "महेश्वरी, अगं, आपल्या येळवसच्या जेवणात डॉट नाहीत असं पाणीच आहे फक्त."

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या मथुराबाई मूळच्या मंगळवेढ्याकडच्या. त्यांचा आवाज महेश्वरीबाईंच्या आवाजाच्या बरोबर उलट; त्या आपल्या स्वयंपाकघरात बोलल्या की ह्यांच्या फळीवरची भांडी होकार द्यायची.

"अवो अक्का, पोरास्नी काय इचारत बसलाय! सकाळधरनं पोटात काय जाऊ दिऊ नका. दुपारच्याला भज्जी काय, भज्जीचा डबाबी खातील."

"अहो, लेकरं आहेत."

"लेकरंच म्हनते मी! आमी काय मोठेपनी जलमलो व्हय?"

रेश्मानं फोनवर वेगळंच सुचवलं. सून प्रेमळ होती आणि मुलांच्या खाण्यानं थकली होती. "आई, भाज्या लपवायच्या. पालकाची प्युरी करून डोशात. गाजर खिरीत. त्यांना कळताच कामा नये."

महेश्वरीबाईंना हे पहिल्यांदा फसवणुकीसारखं वाटलं. पण मुलांच्या पोटात पालक जाणं हेही पुण्यच, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली, आणि तरीही रोजच्या जपात एक माळ वाढवली. पालकासाठी.

असे दोन विभाग तयार झाले. एक देवविभाग : नेहमीचा येळवसचा स्वयंपाक, तिळासकट. दुसरा बालविभाग : चांदणीच्या आकाराचे उंडे, हिरवे डोसे, गाजराची खीर, कशातही डॉट नाही, आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या छोट्या डब्यात, म्हणजे कुणी कुणाला शिवायचा प्रश्नच नको. ही विभागांची नावं अप्पांची. त्यांनी डब्यांवर चिठ्ठ्याही चिकटवल्या आणि मग प्रसन्न चेहऱ्यानं चहा मागितला.

पहिली अडचण अंबिलीनं केली. थंडीत ती लवकर आंबत नाही, तिला ऊन लागतं, आणि ऊन फक्त गच्चीवर. गच्चीच्या दाराला सोसायटीची पाटी होती : 'गच्चीवर पापड, कुरडया, गाद्या व पाहुणे ठेवू नयेत.' सेक्रेटरी सिद्धलिंगप्पा नियमाचा माणूस. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही त्यांनी पार्किंगची शिस्त स्वतः उभं राहून राखली होती.

"लेखी अर्ज द्या," ते म्हणाले.

अप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. किती वर्षांनी कुणीतरी अर्ज मागितला होता! त्यांनी दुपारभर बसून लिहिलं : 'विषय : गच्चीवर अंबील आंबविण्यास परवानगी मिळणेबाबत.'

सिद्धलिंगप्पांनी अर्ज वाचला. "आंबविणे? उद्या कुणी म्हणेल, सोसायटीत दारू गाळतात."

अप्पा दुसरा अर्ज घेऊन गेले. 'ज्वारीचे पीठ व ताक यांचे मिश्रण उन्हात ठेवणेबाबत.' तो पसंत पडला. मात्र स्थळपाहणी आवश्यक होती. दुसऱ्या दिवशी महेश्वरीबाई अंबिलीवर फडकं बांधायला गच्चीवर गेल्या, तर सिद्धलिंगप्पा अंबिलीच्या बिंदग्यापाशी, म्हणजे मातीच्या घागरीपाशी, उकिडवे बसलेले, हातात वाटी, मिशीला पांढरी किनार.

"पाहणी केली, वहिनी," ते म्हणाले. "काही धोका नाही."

महेश्वरीबाईंनी फडकं हातातच धरलं. देवाच्या आधी सेक्रेटरीनं चाखलेली अंबील आता नैवेद्याला चालणार नव्हती. पण माणसाला लाजवायचं नाही हाही त्यांचा एक नेमच होता.

"न्या हो सगळीच," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या घरी मुलंबाळं खातील."

सिद्धलिंगप्पांच्या घरी ते आणि त्यांच्या मिसेस असे दोघंच होते. पण बिंदगं घेऊन ते इतक्या झपाट्यानं जिना उतरले की लिफ्टसाठीही थांबले नाहीत.

नवी अंबील करावी लागली, दुसऱ्या बिंदग्यात, आणि आता वेळ कमी. मथुराबाई धावून आल्या. "थंडी वाजतीया तिला. गरम कपडे घाला की!"

अप्पांचा जुना स्वेटर बिंदग्याला बरोबर बसला. वर तोंडाला फडकं, आणि फडक्यावर अप्पांची तपकिरी कानटोपी. दोन्ही बाह्या पुढे घेऊन गाठ मारली तर बिंदगं हाताची घडी घालून विचार करत बसल्यासारखं दिसू लागलं. त्याला बैठकीच्या कोपऱ्यात, दारापासून लांब, उशीला टेकवून बसवलं.

"माझ्यापेक्षा बरं दिसतंय," अप्पा म्हणाले, आणि गार पडलेल्या डोक्यावरून हात फिरवत स्वयंपाकघरात गेले.

येळवसच्या आदल्या संध्याकाळी महेश्वरीबाईंच्या ओट्यावर तिळमात्र जागा नव्हती. बालविभाग तयार झाला. तो ठेवायला घरच्या फ्रिजमध्ये जागा उरली नाही, तेव्हा मथुराबाई म्हणाल्या, "माझ्यात ठिवा की! माज्या फ्रिजात नुसता बरफ न् सासूचं औषध हाय." सगळे छोटे डबे त्यांच्याकडे गेले.

मग देवविभागाची भज्जी चुलीवर, म्हणजे गॅसवर, रटरटू लागली. वाटाणे, तुरीचे दाणे, हिरवा हरभरा, मेथी, पातीचा कांदा, चिंचेचा कोळ. महेश्वरीबाई मीठ मुठीनं घालायच्या. डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं आणि मूठ सोडायची. तीस-पस्तीस वर्षांत ती मूठ कधी चुकली नव्हती. त्यांनी मीठ मुठीत घेतलं, डोळे मिटले, आणि दाराची बेल वाजली.

अप्पा पूजेचं सामान आणायला गेले होते. बाई तशाच मूठ मिटून दाराकडे गेल्या. सिद्धलिंगप्पा रिकामं बिंदगं परत करायला आले होते, स्वच्छ धुऊन. "अंबील लई छान होती, वहिनी. अजून एखादी पाहणी करायची असली तर सांगा." मातीचं भांडं एका हातानं घेता येत नाही. बाईंनी दोन्ही हात पुढे केले, एक काठाच्या आत आणि एक बुडाखाली, आणि ते नीट स्वीकारलं. मग बिंदगं माळ्यावर ठेवलं, हात धुतले, भज्जीवर झाकण घातलं आणि गॅस बंद केला.

ती मूठ कुठे उघडली हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आपण लक्षात ठेवू.

तेवढ्यात पुण्याची गाडी आली. मुलं धावत आत शिरली आणि कोपऱ्यात बघून जागच्या जागी थांबली.

"आजी," प्रभु कुजबुजला, "हे कोण?"

महेश्वरीबाई खरं तेच सांगणार होत्या. पण पूजेचं सामान घेऊन पाठोपाठ आलेल्या अप्पांनी मध्येच तोंड घातलं. या घराण्यात ज्याला मान द्यायचा त्याच्या नावापुढे अप्पा लागायचं. "हे बिंदगप्पा. आपल्याकडे राहायला आलेत. त्यांना थंडी बाधते."

"त्यांच्या पोटात काय आहे?" वैजूनं विचारलं. ती आतून येणारा बारीक बुडबुड आवाज ऐकत होती.

"अंबील. उद्या रानात गेल्यावर ते आपल्याला देणार."

मुलं रात्री झोपायच्या आधी दोनदा येऊन कानटोपी नीट करून गेली. रेश्मा म्हणाली, "आई, मी सोबत काही घेतलं नाही हं, तुम्ही म्हणालात म्हणून. वेफर्ससुद्धा नाहीत." महेश्वरीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बालविभाग होता ना. नाश्तासुद्धा त्यातलाच ठरला होता.

अमावास्या उजाडली. बाईंचं मौन सुरू झालं. पूजा आटोपून त्या बालविभाग घ्यायला शेजारी गेल्या आणि दारासमोर उभ्या राहिल्या.

दाराला कुलूप होतं.

त्यांनी आधी कुलपाकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग वर. हळूहळू सगळं ध्यानात आलं. मथुराबाईंचंही शेत होतं. येळवस त्यांनाही होती. त्या आपल्या रानात गेल्या होत्या. आयुष्यभर जो सण पाळला त्या सणाला शेजारीण घरी असेल असं धरून चालणारी बाई सोलापुरात आपण एकटीच, असं महेश्वरीबाईंना वाटलं. मौन नसतं तरी त्या बोलल्या नसत्या, पण मौन असल्यामुळे न बोलणं फार जड गेलं.

गाडीत बसल्यावर अप्पांनी मथुराबाईंना फोन लावला. आवाज गाडीतल्या सगळ्यांना ऐकू आला.

"अगं माझ्या कर्मा! फ्रिजातच ऱ्हायलं व्हय! इसरलेच की मी! आता कुटं माघारी येऊ, मंगळवेढ्याच्या अलीकडं आलोय. अक्का, घाबरू नगा. देवाचं हाय की संगट. तेच वाढा."

"मुलांचं काय पण?"

"पोरं देवाचीच की!" आणि रेंज गेली.

गाडी अक्कलकोट रस्त्याला लागली. वाटेत बिस्किटाचा पुडा घ्यावा म्हणून अमृत प्रत्येक गावात गाडी हळू करायचा. प्रत्येक दुकानाला कुलूप. दुकानदारही आपापल्या रानात. एका टपरीत एक म्हातारे होते, पण ते दुकान राखायला नाही, गाडीची वाट बघत बसले होते. त्यांनी उलट यांनाच जेवायला यायचं आमंत्रण दिलं.

"सकाळपासून नुसतं दूध प्यायलीत," रेश्मा पुटपुटली. अमृत आरशातून आईकडे बघत नव्हता. त्याच्या न बघण्यातून रिसॉर्टचा स्विमिंग पूल बाईंना स्पष्ट दिसला.

सगळ्यात मागच्या सीटवर मात्र वेगळाच प्रकार चालला होता. बिंदगप्पा मुलांच्या मध्ये बसले होते, सीटबेल्ट लावून. रस्ता खराब झाला की ते डचमळायचे आणि मुलं चार हातांनी त्यांना धरायची.

"बाबा, हळू! ह्यांना उलटी होईल!"

एका खड्ड्यात बिंदगप्पांनी खरंच एक मोठा ढेकर दिला. फडकं उचललं गेलं आणि पांढरा शिंतोडा वैजूच्या मनगटावर उडाला. जी पोर भाताला वरण शिवलं तर ताट सोडून उठते, ती आता किंचाळणार म्हणून रेश्मानं पर्समधून टिश्यू काढला. पण वैजूनं मनगट नाकाशी नेलं. वास घेतला. भूक लागली होती. मग जीभ बाहेर काढली.

महेश्वरीबाईंनी मधल्या सीटवरून मागे वळून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. बोलता येत नव्हतं. नुसते हात आणि डोळे.

"आजी नको म्हणतेय," अप्पांनी अर्थ लावला. "आधी देवाला. मग आपल्याला."

वैजूची जीभ तशीच बाहेर राहिली. जन्मापासून तिनं सगळ्यांना 'खा, खा, एक घास, काऊचा, चिऊचा' म्हणून मागे लागलेलं पाहिलं होतं. 'खाऊ नको' असं कुणी म्हटलेली ही पहिलीच वस्तू.

"देव सगळं संपवत नाही ना?" प्रभुनं काळजीनं विचारलं.

"नाही बहुतेक."

"बहुतेक?" प्रभुनं बिंदगप्पांना दोन्ही हातांनी कवटाळलं आणि शेत येईपर्यंत सोडलं नाही.

घरचं शेत कसणारे बसप्पा आणि त्यांची बायको शिवम्मा सकाळपासून वाट पाहत होते. कडब्याची कोप उभी होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडी पांडव. ज्वारी डोक्याएवढी उंच झाली होती. बिंदगप्पांना मुलांनीच कोपीपर्यंत नेलं, पुढे वैजू आणि मागे प्रभु, आणि बसप्पांनी डोक्याचा पटका सोडून पालखीला करावा तसा नमस्कार केला.

पूजा झाली. नैवेद्य दाखवला. मुलं कोपीच्या तोंडाशी श्वास रोखून बसली होती. देव किती खातो त्यावर त्यांची नजर होती. मग बसप्पांनी अंबिलीचा तांब्या मुलांच्या हातात दिला आणि शेताच्या कडेकडेनं, आरोळ्या ठोकत, ज्वारीला अंबील शिंपायला नेलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ज्यांना मोठ्यानं हसायची चोरी, ती पोरं अशी ओरडत होती की पलीकडच्या शेतातून उत्तरं येऊ लागली.

महेश्वरीबाईंचं मौन सुटलं होतं.  पानं वाढली. अप्पांनी पहिला घास घेतला आणि चघळणं हळू केलं. अमृत म्हणाला, "छान झालंय, आई." ते इतकं सभ्यपणे म्हणाला की बाई त्याच्या पानाकडे बघू लागल्या. रेश्मा पाणी प्यायली. शिवम्मा मात्र अशी सभ्यता कुठे शिकली नव्हती.

"अक्का! उप्पु इल्ला!" ती कन्नडमध्ये ओरडली, आणि मग पुण्याच्या माणसांसाठी, "मीठच न्हाय की ओ!"

महेश्वरीबाईंनी घास तोंडात घातला. खरंच नव्हतं. दाणे होते, मेथी होती, चिंच होती, आणि मधोमध एक मोठी मोकळी जागा होती.

"अय्यो, देवालाही अळणीच दाखवलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलं तर सोडाच, पांडवांपुढेही मान खाली गेली होती. तेवढ्यात मुलं धावत आली, तोंडं लाल, पाय मातीनं भरलेले, आणि पानांवर बसली. आता संपलंच.

प्रभुनं भज्जीकडे पाहिलं. "काय झालं? आजी का रडतेय?"

"मीठ घालायचं राहिलं," रेश्मा म्हणाली.

"म्हणजे हे अजून पूर्ण झालं नाहीये?"

प्रभुनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मग मी करतो की!"

शिवम्मानं मिठाचा डबा आणि शेंगाचटणीचं भांडं मध्ये ठेवलं. प्रभुनं आजीसारखी मूठ भरली; आजीनं ती हलकेच सोडवून चिमूट केली. त्यानं डोळे मिटले, आजीला एरवी स्वयंपाक करताना बघितलं होतं तसंच काहीतरी पुटपुटला आणि मीठ सोडलं. चाखलं. विचार केला. मग लिंबू. मग शेंगाचटणी, चांगली दोन चमचे. चटणी म्हणजे सगळे डॉटच डॉट. पानाला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

"प्रभु, डॉट," अमृतनं न राहवून सांगितलं. रेश्मानं त्याला कोपरानं ढोसलं.

"मी टाकलेले चालतात," प्रभु म्हणाला.

वैजूनं आपल्या पानात भज्जीचं शेत केलं, उंड्यांचे बांध घातले आणि त्यावर बिंदगप्पांची अंबील शिंपली. सगळं सगळ्याला शिवलं. तिनं ते शेत एका कडेपासून कापत कापत खाल्लं आणि पान पुढे केलं. "अजून. माझं पीक संपलं."

मग सगळ्यांचेच हात चालू लागले. मोठी माणसंही आपापलं पान दुरुस्त करण्यात गुंतली होती. अप्पा म्हणाले यात जरा चिंच हवी, बसप्पा म्हणाले लसूण, आणि शिवम्मानं ठेचा काढला. प्रभुचं तोंड भरलेलं पाहून अमृतला मागचं वर्ष आठवलं.

"काय रे, हे आधी कुणी चावलंय का?"

"नाही," प्रभु घास न गिळताच म्हणाला. "मीच चावतोय."

महेश्वरीबाई हसल्या. यंदा अगदी मनापासून. "देवानं मीठ आपल्यासाठी मागे ठेवलं होतं वाटतं," त्या म्हणाल्या. ते इतकं हळू होतं की फक्त शेजारी बसलेल्या शिवम्माला ऐकू गेलं, आणि तिनं सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं "व्हय की!" म्हटलं.

उन्हं कलताना अमृत फोन हातात घेऊन बांधावर उभा होता. वैजू रिकाम्या बिंदग्याला कानटोपी घालून घेऊन आली. "बाबा, रिसॉर्टमध्ये बिंदगप्पांना नेता येतं का?"

"मातीची भांडी घेत नसतील बहुतेक."

"मग कॅन्सल करा ना."

"अगं, अजून बुक केलंच नाहीये."

"मग करूच नका," वैजू म्हणाली, आणि कानटोपीची गाठ घट्ट करू लागली. अमृतनं फोन खिशात घातला. 'बघू' म्हणाला नाही.

संध्याकाळी मथुराबाई दारातच भेटल्या. कुलूप काढता काढता कपाळावर हात मारून झाला, स्वतःला चार शिव्या देऊन झाल्या, मग त्यांनी विचारलं, "पोरं जेवली का न्हाय?"

"दोनदा घेऊन जेवली," महेश्वरीबाई म्हणाल्या.

मथुराबाईंनी लगेच कमरेवर हात ठेवले. "म्या काय सांगितलं हुतं? सकाळधरनं पोटात काय जाऊ दिऊ नका! आन् म्या नुसतं सांगून सोडलं न्हाय, कुलूपबी लावलं!"

बालविभागाचे डबे बाहेर आले. प्रभुनं चांदणीचा उंडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला. "हे तर पूर्ण झालेलं आहे. ह्यात आम्ही काय करायचं?"

तो सगळा विभाग सिद्धलिंगप्पांकडे पाहणीसाठी गेला. कचेरीतल्या शेऱ्यासारखा निरोप आला : काही धोका नाही.

दुसऱ्या दिवशी, सिद्धलिंगप्पांनी परत केलेलं बिंदगं माळ्यावरून काढताना बुडाशी मिठाचा लहानसा ढीग सापडला. महेश्वरीबाईंनी तो ओंजळीत घेतला आणि मीठ तुळशीपासून लांब, सोसायटीच्या अंगणात टाकलं.

पुण्याला निघताना प्रभु गाडीतून उतरून परत आला. त्यानं आजीला खाली वाकवलं आणि कानात सांगितलं, "पुढच्या वर्षी पण मीठ विसर हं."

"बरं," महेश्वरीबाई म्हणाल्या. गाडी वळणापलीकडे गेली आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. दिलेला शब्द मोडायचा नाही हा नेम. पण मुद्दाम विसरणं म्हणजे विसरणं नव्हे, ते ढोंग, आणि देवापुढे ढोंग करायचं नाही हाही नेमच. संध्याकाळची पूजा झाली, जप झाला, तरी वाट सापडेना.

मग अप्पा बाहेरून आले. त्यांना दूध आणायला पाठवलं होतं. हातात वर्तमानपत्र होतं, बूट मळलेले होते, चेहरा आनंदी होता. दूध नव्हतं.

महेश्वरीबाईंनी देवाला हात जोडले. "अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पुढच्या येळवसपासून भज्जीत मीठ तुम्ही घालायचं."